शेवटचे चार आकडे

वाचनालयाच्या अभ्यासिकेत तेवीस नंबरची खुर्ची आहे. तिचा एक हात मोडलाय आणि तिच्यावरचा पंखा दिवसभर कुरकुरतो, तरी राजेश्वरीचा सगळा जीव त्या खुर्चीत. कारण एवढंच, की ती भिंतीकडंला आहे. तिथं बसलं की मागून कुणी येत नाही, समोर कुणी दिसत नाही आणि चार तास कुणी "अगं, जरा उठतीस का?" म्हणत नाही. जिच्या दारात दोन म्हशी, सासूचे गुडघे गेलेले, पोरगी सहावीत आणि नवरा फौजेत, अशा सदतीस वर्षांच्या बाईला चार तास कुणी ऊठ न म्हणणं म्हणजे काय, हे ज्याला कळायचं त्याला कळेल. बाकीच्यांना सांगून उपयोग नाही.

ती लिपिकाच्या परीक्षेला बसली होती. पूर्वपरीक्षा निघाली होती, मुख्य दीड महिन्यावर आली होती. वयाची अट अशी, की यंदा जमलं तर जमलं; पुढच्या वर्षी तिचा अर्जच कुणी घेणार नव्हतं. घरी बसून का नाही करत अभ्यास, असं विचारणारे लय शहाणे गावात होते. घरी पुस्तक उघडलं की कुकरची शिट्टी व्हायची. मग पेंडवाला यायचा, मग शिवांजलीची गृहपाठाची वही यायची, मग सासू बनुबाई दारातून म्हणायच्या, "वाच वाच, मी आपली बगते वैरणीचं." आता सासू असं म्हणाल्यावर कोण वाचणार?

म्हणून ती रोज धारा काढून, डबे भरून, पोरीला शाळेत घालवून वडापनं तालुक्याला जायची. वडाप म्हणजे आपली जीप, नऊ जणांची, तीत चौदा माणसं. त्यात ऊसतोडीचे दिवस. कुंडलच्या साखर कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक, आणि त्यांच्या मागं जीप रांगत चाललेली. वाचनालयाच्या पायऱ्यांशी पोचेपर्यंत तिचा अर्धा दिवस आणि सगळी ताकद संपलेली असायची. तरी जागा आहे, या एका गोष्टीवर ती पायऱ्या चढायची.

त्या दिवशी ती चढली. दाराजवळच्या भिंतीवरच्या यंत्रात तिनं कार्ड घातलं आणि पिनचे चार आकडे दाबले. यंत्रावर लाल दिवा लागला आणि अक्षरं उमटली: आज जागा नाही.

"ताई, असं कसं?" ती आत टेबलापाशी गेली. "काल संध्याकाळीच धरली होती की जागा."

टेबलामागं कस्तुरीताई चौगुले बसतात. सांगलीकडच्या जैन घरातल्या, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. चेहरा असा, की कुठल्याच गोष्टीचं नवल आता वाटायचं राहिलेलं नाही. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं.

"धरली होती," त्या म्हणाल्या. "आणि आज पहाटे सोडली पण. सहाच्या आत. तुमच्याच खात्यातनं."

"मी नाही सोडली."

"गेल्या आठवड्यात पण असंच म्हणालात."

गेल्या आठवड्यात एकदा झालंच होतं. तेव्हा राजेश्वरीला वाटलं, आपलंच बोट चुकून कुठंतरी पडलं असणार. दमलेल्या माणसाला सगळ्यात आधी स्वतःचाच संशय येतो. पण आज तिला पक्कं आठवत होतं, की पहाटे फोन चुलीजवळच्या फळीवर होता आणि ती गोठ्यात होती.

"बघा राजेश्वरी," कस्तुरीताई म्हणाल्या, "ऐनवेळी सोडलेली ही दुसरी जागा. तिसऱ्यांदा झालं की यंत्र आपोआप महिनाभर जागा देणं बंद करतं. ते माझ्या हातात नाही. मी ओरडून सांगितलं तरी ते ऐकत नाही."

महिनाभर. परीक्षेला उरले किती दिवस, आणि त्यातला महिना असा काढून घ्यायचा? राजेश्वरी अभ्यासिकेच्या काचेपाशी गेली आणि तेवीस नंबरकडं बघितलं. तिथं अर्जुना बसला होता.

अर्जुना तिचा चुलत दीर. पोलीसभरतीची तयारी करायचा, पहाटे धावायला जायचा, आणि कुणाची जागा सुटली तर मिळेल म्हणून वाचनालय उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसायचा. सुटलेली जागा पायरीवरच्या पहिल्या माणसाला मिळते, असा नियमच आहे. गेल्या आठवड्यात तिची जागा त्यालाच मिळाली होती. आणि वाचनालय कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा तिच्या फोनवर ते सगळं, म्हणजे कार्डाचा क्रमांक आणि पिन टाकून कुठूनही जागा धरायची-सोडायची सोय, घालून देणाराही अर्जुनाच. दोन आणि दोन चार करायला काय लागतं? दमलेलं डोकं तर ते फारच पटकन करतं.

तिनं त्याला खुणेनं बाहेर बोलावलं. बाहेर व्हरांड्यात पाच-सहा जण उभे होते, त्यांच्यादेखत ती बोलली. आवाज चढवला नाही, पण बोलू नये ते बोलली.

"अर्जुना, जागा पाहिजे होती तर तोंडानं मागायचीस. चोरून माझ्या खात्यात शिरायचं कारण काय?"

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं तसा त्याचा चेहरा उतरला.

"वैनी, मी कशाला असलं करीन?"

"मग दोन्ही वेळा तूच कसा बसलास तिथं?"

"दोन्ही वेळा मीच पयला आलो हुतो म्हणून." तो आत गेला, आपली पुस्तकं गोळा करून आणली आणि पिशवी खांद्याला लावली. "बसा तुमी. मला जागा पायजे असती तर मी मागितली असती, वैनी. तुमी दिली पण असती. म्हणून तर कवा मागितली न्हाई."

एवढं बोलून तो पायऱ्या उतरून गेला. राजेश्वरी तेवीस नंबरवर जाऊन बसली. त्या चार तासांत तिनं एक पान वाचलं, आणि तेही दोनदा. दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं की पहिल्यांदा काहीच वाचलं नव्हतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बनुबाई गोठ्याच्या दगडावर बसून गुडघ्याला तेल चोळत होत्या. बनुबाईंना परीक्षेचं काही पडलेलं नव्हतं आणि त्या ते लपवतही नव्हत्या.

"राजेसरी, चेहरा असा का झालाय तुजा? कोण काय बोललं काय?"

"कोण न्हाई. दमले."

"मग दमणारच की. दोन डगरीवर पाय ठिवल्यावर काय व्हनार? माज्या लेकाचा पगार येतोय, ऊस जातोय, तुला नोकरी कशाला लागतीया तेच मला उमगंना."

राजेश्वरीच्या एकदा मनात आलं, सासूनं तर नसेल केलं? पण बनुबाईंना फोनचं हिरवं बटण तेवढं माहीत. तेही कुणी दाखवलं तर. आणि खरं सांगायचं तर बनुबाई जे काही करायचं ते तोंडावर करत. पहाटे चोरून जागा सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या सरळ म्हणाल्या असत्या, "आज जायाचं न्हाई."

दिवेलागण झाली आणि ऋषिराजचा फोन आला. तो रोज त्याच वेळेला करायचा. नवरा-बायकोच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आणि त्यातली दोनच काय ती एका छपराखाली गेली. बाकीची फोनवर. सध्या तो जबलपूरला होता, हवालदार. सीमेवरनं शांत ठिकाणी बदली झाली म्हणून घरात सगळ्यांना बरं वाटत होतं.

"अभ्यास कसा चाललाय?" त्यानं विचारलं.

ती एवढं एकच ऐकायला दिवसभर थांबलेली असायची. घरात हे विचारणारा तो एकटाच. तिनं त्याला सगळं सांगितलं. जागा कशी गेली, तिसऱ्यांदा गेली तर महिना जाईल, आणि महिना गेला तर परीक्षा गेली.

"जाऊ दे गं," तो म्हणाला. "जीवाला लय तरास करून घेऊ नको. दमलीस तर सोडून दे. कोण तुला काय म्हणणार न्हाई."

"सोडायचं न्हाई मला."

"न्हाई, मी आपलं म्हणलं."

"मला वाटतंय अर्जुनानं केलं. मी त्याला चारचौघांत बोलले आज."

तिकडं तो गप्प झाला. ती दोनदा हॅलो म्हणाली.

"ऐकू येत न्हाई नीट," ऋषिराज म्हणाला. "नेटवर्क जातंय. उद्या करतो."

आणि फोन बंद झाला. राजेश्वरीला वाटलं, खरंच नेटवर्क गेलं.

दुसऱ्या दिवशी जागा होती. तरी ती आत जायच्या आधी टेबलापाशी थांबली. कस्तुरीताईंनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "पिन बदला."

"मी कुणालाच सांगितलेला नाही, ताई."

"सांगायला कशाला लागतंय? मीच सांगते. साहेबांच्या फौजेतल्या नंबराचे शेवटचे चार आकडे. बरोबर ना?"

राजेश्वरी बघतच राहिली.

"नवल काय त्यात?" कस्तुरीताई म्हणाल्या. "तुमच्याकडच्या सगळ्या फौजींच्या बायकांचं हेच. पिन विसरल्या की येतात आणि मला विचारतात. मी म्हणते, नवऱ्याचा नंबर टाकून बघा. लगेच उघडतंय. कार्ड देताना प्रत्येकीला सांगितलंय, असला आकडा ठेवू नका. मान हलवतात आणि तोच ठेवतात. सांगून सांगून माझं तोंड दुखलं."

खोटं नव्हतं ते. त्यांच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, आणि प्रत्येक घरात एक काळी ट्रंक. ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं नंबर, हुद्दा, नाव. तोच नंबर कॅन्टीनच्या कार्डाला, तोच दवाखान्याला, तोच पोराच्या शाळेच्या दाखल्याला. बायकांना स्वतःचा फोन नंबर आठवायला वेळ लागेल, पण नवऱ्याचा नंबर झोपेतनं उठवून विचारा. ऋषिराजचे शेवटचे चार सात-शून्य-चार-तीन. आता तो सांगायला हरकत नाही. ट्रंकेवर आहे, मोटारसायकलीच्या मागं आहे, विहिरीवरच्या मोटरीच्या पेटीवर सुद्धा त्यानं सुट्टीला आल्यावर रंगवून ठेवलाय. गावातलं शेंबडं पोरगंही सांगेल.

पण राजेश्वरीनं तो सोपा म्हणून ठेवला नव्हता. लग्नानंतर तो पहिल्यांदा परत निघाला तेव्हा स्टँडवर एसटीची वाट बघताना त्यानं तिला सांगितलं होतं, "माझा नंबर पाठ कर. काय झालं-बिलं तर नाव कोण विचारत न्हाई, हेच विचारतील." ती तेव्हा तेवीसची होती. एसटी येईपर्यंत तिनं तो पाठ केला आणि रडू नये म्हणून सारखा मनात म्हणत राहिली. पुढं कुठंही चार आकडे ठेवायची वेळ आली की बोटं आपोआप तेच दाबायची. अभ्यासिकेत जाताना रोज ते चार आकडे दाबले की तिला वाटायचं, आपण त्याला सांगून आत चाललोय.

हे कस्तुरीताईंना काय सांगणार? ती एवढंच म्हणाली, "बदलायलाच पाहिजे का?"

"तिसऱ्यांदा जागा गेली की मग माझ्याकडं येऊन रडू नका."

मग तिनं बदलला. कस्तुरीताईंनी कॉम्प्युटरचा पाटीसारखा पडदा तिच्याकडं वळवला आणि स्वतः पाठ फिरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभ्या राहिल्या. "दुसऱ्या हातानं झाकून दाबा," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "आणि कुणाला सांगायचा नाही. मला नाही, घरात नाही, कुणालाच नाही." जुने चार आकडे शेवटचे दाबताना राजेश्वरीला मंगळसूत्र काढून ठेवल्यागत वाटलं. नवा आकडा काय ठेवला ते तिनं आम्हालाही सांगितलेलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी ऋषिराज फोनवर नेहमीसारखाच बोलला. पोरीशी बोलला, आईच्या गुडघ्यांचं विचारलं. राजेश्वरीनं पिनचं काढलं नाही. कुणालाच नाही म्हणजे कुणालाच नाही. आणि त्याचा नंबर काढला हे त्याला सांगायची तिला लाजही वाटत होती. उद्याची जागा तिनं धरली आणि फोन फळीवर ठेवला.

सकाळी ती दुसऱ्या म्हशीच्या धारेला बसणार तोच शिवांजली फोन घेऊन गोठ्यात आली. "आई, पप्पा."

या वेळेला त्याचा फोन कधीच नसायचा. या वेळेला फुलांचं चित्र आणि 'शुभ सकाळ' असा मेसेज यायचा, सहाच्या आत, रोज न चुकता. तिनं हात पदराला पुसला आणि फोन कानाला लावला.

"काय झालं? बरं हाय न्हवं?"

"माझा नंबर काढून टाकलास?" ऋषिराज म्हणाला.

"कुठला नंबर?"

"वाचनालयाचा. चौदा वर्षं झाली, सगळीकडं माझाच नंबर ठेवतीस. आज लागंना. काढलास न्हवं?"

त्याचा आवाज दुखावलेला होता. खरोखर दुखावलेला, लहान पोराचा असतो तसा. त्या दुखण्याच्या भरात आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. राजेश्वरीच्या मात्र आलं. तिनं पोरीला म्हटलं, "जा, तू आवर." पोरगी गेली. मग ती पेंडीच्या पोत्यावर बसली.

कार्ड मिळालं त्या दिवशी तिनंच ऋषिराजला कार्डाचा फोटो पाठवला होता, नाव आणि क्रमांकासकट. केवढी खूश होती. त्यानं उलट अंगठा पाठवला होता.

"तुमाला कसं कळलं लागत न्हाई ते?" तिनं विचारलं.

आता त्याच्या ध्यानात आलं.

"दोन्ही वेळा तुमीच?"

"व्हय."

"आणि आज तिसऱ्यांदा करणार होता."

"व्हय. आज पण."

"तिसऱ्यांदा गेली की महिना जातो, हे मीच सांगितलं तुमाला."

"म्हायती हाय," तो म्हणाला. आणि मग एका दमात म्हणाला, "क्वार्टर मिळालंय. गेल्या महिन्यात नंबर लागला. दोन खोल्या हायत, मागं पेरूचं झाड हाय. मी चुना पण मारून घेतलाय."

फॅमिली क्वार्टर. आठ वर्षं ते दोघं त्याची वाट बघत होते. जिथं बदली होईल तिथं यादीत नाव जायचं, आणि नाव वर यायच्या आत पुढची बदली यायची. आणि ते मिळून महिना झाला होता, आणि तो तिला रोज संध्याकाळी अभ्यास कसा चाललाय विचारत होता.

"मग सांगितलं का न्हाई?"

"काय सांगू? तू म्हणली असतीस, परीक्षा झाल्यावर बगू."

"म्हणलेच असते."

"मग परीक्षा निघाली असती. मग नोकरी. सातारला न्हाईतर सांगलीला. मग कशाला येतीस तू हितं?" त्याचा आवाज बसला. "मला ये म्हणायला तोंड न्हवतं. तू एवढी मर मर मरतीस, तुला नको म्हणणारा मी कोण? म्हणलं जागाच गेली तर तूच कंटाळशील. कंटाळून आपणहून येशील. मला कोण वाईट म्हणणार न्हाई."

"आणि अर्जुना? त्याला मी चारचौघांत चोर म्हणले. तुमाला सांगितलं तवा तुमी गप्प बसला."

"ते चुकलंच."

"सगळंच चुकलं," राजेश्वरी म्हणाली. तिला वाटलं होतं आपण चिडू, पण चिडायला सुद्धा अंगात काहीतरी शिल्लक असावं लागतं. तिला फक्त खूप लांबून चालत आल्यासारखं वाटत होतं. "कंटाळले तर मी कवाच हाय. धारा काढून कंटाळले, वडापला लोंबकळून कंटाळले, रोज फोनवर संसार करून तर लय कंटाळले. तुमी नुसतं म्हणला असता, राजेश्वरी, एकट्याला करमत न्हाई, ये. तर मी रडले असते. पण तुमाला चोर तरी म्हणावं लागलं नसतं."

तिकडं ऋषिराज रडत होता. फौजी माणूस, त्याला रडायची सवय नाही, त्यामुळं आवाज वेडावाकडा येत होता. म्हैस धारेसाठी हंबरायला लागली. बनुबाई दारातून डोकावल्या आणि सुनेचं तोंड बघून काही न विचारता स्वतःच चरवी घेऊन, गुडघे धरत, धारेला बसल्या.

"करमत न्हाई," तो म्हणाला. "आता म्हणतो."

"ऐकलं." तिनं नाक पुसलं. "परीक्षा झाली की येते. पोरीला घेऊन, अख्खा उन्हाळा. निकालाचं काय व्हायचं ते होऊ दे, पुढचं पुढं बसून बोलू. पण परीक्षा देणार."

"दे."

मग त्यानं हळूच विचारलं, "नवा काय ठेवलास?"

समोर गोठ्याच्या माळ्यावर त्याची जुनी ट्रंक होती, आता तिच्यात म्हशींची औषधं असायची. पांढरा रंग उडाला होता तरी सात-शून्य-चार-तीन वाचता येत होतं.

"सांगायचा नसतो तो," राजेश्वरी म्हणाली.

"मला पण?"

"तुमचा नंबर मला मरेपर्यंत पाठ राहील. कुणी कवाबी विचारू दे. पण हा माझा हाय."

त्यानं बरं म्हटलं. ते बरं म्हणताना त्याला किती जड गेलं, हे तिला कळलं. तिनं तरी सांगितला नाही.

त्या दिवशी तिनं लवकरची वडाप धरली. वाचनालयाच्या पायरीवर पहिला माणूस म्हणून अर्जुना बसला होता. तिला बघून तो बाजूला सरकला, वाट दिली, आणि पुस्तकात तोंड घातलं. ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. व्हरांड्यात कालपरवाचेच पाच-सहा जण होते. ते आहेत हे बघूनच ती बसली होती म्हणा.

"अर्जुना," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तू न्हवतास. मी चुकले. उगीच तुला बोलले."

"मग कोण हुतं?"

"ते विचारू नको."

त्यानं तिच्याकडं बघितलं. घरातलाच माणूस, पहाटे कोण उठतं आणि कुणाला नंबर माहीत असतो हे त्यालाही ठाऊक. त्यानं विचारलं नाही. "व्हतंय वैनी," एवढंच म्हणाला, आणि डब्यातली एक शेंगदाण्याची वडी तिच्या हातावर ठेवली.

दार उघडलं. राजेश्वरीनं कार्ड घातलं आणि आकडे दाबायच्या आधी दुसरा हात वर धरला. जवळ कुणीही नव्हतं. अर्जुना पायरीवर पाठमोरा बसला होता, कस्तुरीताई आत पंखे लावत होत्या, आणि ज्याच्यापासून झाकायचं तो तिथनं हजारभर किलोमीटरवर कवायतीला उभा होता. तरी तिनं नीट झाकलं, चारही बोटं मिटून, आणि मग एकेक आकडा दाबला. हिरवा दिवा लागला.

तेवीस नंबरवर बसून तिनं पुस्तक उघडलं, कालचंच पान. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, आणि तिसऱ्या ओळीवर मान टेबलावर गेली. अभ्यासिकेत झोपायला मनाई आहे, तशी पाटीच आहे भिंतीवर. कस्तुरीताई तासाभरानं फेरी मारत आल्या. त्यांनी त्या पाटीकडं बघितलं, राजेश्वरीकडं बघितलं, आणि कुरकुरणारा पंखा एक घर कमी करून पुढं गेल्या.